रोवणीच्या पायांचं मलम

११ जून, बुधवार
मलम आज पुन्हा दगड. बोट आत जाईना. प्रदीपनी चमच्याने टोचून पाहिलं आणि म्हणाले, गळक्या कौलांना लावू. नवरा आहेत, बोलण्याचा हक्क आहे त्यांना.
मेण जास्त पडतंय. चार वाट्या तेलाला एक वाटी, असं पुस्तकात आहे. पण ते पुस्तक खोबरेल धरून लिहिलेलं. आपलं मोहाच्या बियांचं तेल, टोरीचं, मुळातच तुपासारखं थिजतं. हे आधी सुचायला हवं होतं.
साबण जमला. माक्याचं केसतेल जमलं. शिकेकाई-रिठ्याची पूड तर आमच्या सावली गावातल्या ओळखीच्या सगळ्या घरांत जाते. मलमानेच अडवलं. आणि तेच सर्वांत गरजेचं. धानाच्या रोवणीला महिना उरला, रोवणाऱ्या बायकांच्या म्होरक्या कुंदाला शब्द दिलाय.
बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. कुठल्याही साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणं पाच मुद्द्यांत सांगायचे. मलमाच्या ऱ्हासाचं एक सापडत नाही. तरी सकाळ छान गेली.

१४ जून
रैजीबाई आली, जंगलाकाठच्या तिच्या गावाहून, पहिल्या बसने. डोक्यावर तेलाचा डबा, पदरात मेणाची ढेप. मोहाखाली जमिनीवर पडलेल्या बिया वेचून, वाळवून, फोडून, घरच्या लाकडी पाटाखाली दाबून काढलेलं तेल. वय सत्तरीपुढचं असावं, तिला माहीत नाही. मला ‘मास्तरीण’ म्हणते, आणि तूच म्हणते.
माझा दगड बघून हसत बसली. मग म्हणाली, “मेण मोजून नाई घालत, मास्तरीण. हवा पाहून घालत. पावसात तेल सोताच बसते, त्याले कायले दाबतं?”
आठास एक घेतलं. करंजीच्या तेलात कडुनिंबाचा पाला काळा होईस्तोवर उकळला, गाळला, त्यात टोरीचं तेल, हळद, शेवटी विस्तव बाजूला करून मेण. संध्याकाळी बोट लोण्यात जावं तसं गेलं.
वास उग्र. असू दे. चिखलाला गुलाब कशाला?

१७ जून
केसतेलाचा नवा घाणा प्रदीपच्या टकलावर. महिना झाला, रोज लावून घेतात, तक्रार नाही. आज म्हणाले, “तिथं जंगल खात्यानं झाडं लावली तरी जगणार नाईत.” पण डोकं चमकतं छान. शेजारची मुलगी विचारून गेली, काका काय लावतात.
दुपारी एका नातेवाईक बाईंचा फोन. मुलीला बघायला येणार आहेत, ‘रंग उजळेल’ असं काही करून दे. मी चाळीस मिनिटं बोलले. साबण देईन, मळ निघेल. रंग हा मळ नाही. काळी माती चांगली म्हणायची आणि काळी मुलगी… वगैरे. त्या म्हणाल्या, बरं बाई, साबण तर साबण. फोन ठेवल्यावर प्रदीप म्हणाले, त्यांनी फक्त एक वडी मागितली होती.
खरंय. पण कुणीतरी चाळीस मिनिटं बोललं पाहिजे.

२२ जून, रविवार
कुंदा आली. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. पुढे शाळा सुटली, लग्न झालं. आता रोवणीच्या अठरा बायकांची टोळी तिच्या हातात. कोणाच्या धानाची बांधी आधी, कोणाची नंतर, ठेक्याने घेतलेला गुत्ता किती दिवसांत संपवायचा, सगळं ती ठरवते. बांधीत ओळ धरते तीच, गाणं उचलते तीच.
पायाची बोटं फाकवून दाखवली. मागच्या वर्षीच्या चिखल्यांचे व्रण अजून पांढरे. महिनाभर दिवसाचे आठ-नऊ तास पाण्यात पाय, बोटांच्या बेचक्यांत कातडं कुजतं, मग चालताना… काय लावता विचारलं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल, म्हणाली. भेगांना बिब्बा तापवून. सांगताना लाज नव्हती, माझ्याच अंगावर काटा आला.
बाजारात चेहऱ्याला लावायच्या डब्या मोजता येणार नाहीत इतक्या. पायाला, तेही कामाच्या पायाला, गाडीचं उरलेलं ऑइल. सौंदर्य हा शब्द ज्यांचे पाय कोरडे असतात त्यांनीच बळकावलाय. (हे भाषणात घ्यायचं.)
कुंदाला मलम दाखवलं. वास घेतला, बोटावर चोळलं, म्हणाली, म्याडम, याच्यानं काहीच चुरचुरत नाई. मी म्हटलं, चुरचुरायला नकोच आहे.
तिने बोट पदराला पुसलं.

२९ जून
विहारासमोरच्या मांडवात बायकांची सभा. बोलले पाऊण तास. बऱ्याच दिवसांनी आवाज लागला. जळक्या ऑइलवर बोलले, बिब्ब्यावर बोलले. जे पोळतं तेच औषध, ही समजूत आपल्या अंगात कोणी घातली? ज्यांनी शतकानुशतकं पोळवलं त्यांनीच. टाळ्या.
तो ‘सौंदर्य’ शब्दाचा मुद्दाही घेतला. मग, का कोण जाणे, हात वर करून म्हणाले: “हे मलम लावा, सात दिवसांत चिखल्या गेल्या नाहीत तर या गावात मी पुन्हा माईक धरणार नाही.”
टाळ्या थांबेनात.
घरी निघालो. वाटेत प्रदीप म्हणाले, सात दिवस कुठून आणले? मी म्हटलं, सभेला आकडा लागतो. ते म्हणाले, पायाले नाई लागत.
रैजीबाई मागच्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माझ्याकडे एकटक बघत होती.

५ जुलै
पऱ्हे, धानाची रोपं, तयार. दोनेक दिवसांत रोवणी लागेल. चंद्रपूरहून प्लास्टिकच्या छोट्या डब्या आणल्या. मी, रैजीबाई आणि प्रदीप, तिघांनी भरल्या. प्रदीपचा हात सर्वांत स्वच्छ, काठावर थेंब नाही. रैजीबाई त्यांना चिडवत होती, भाऊ, तुमी बाईमाणसाच्या जन्माले यायले पाह्यजे व्हते. ते म्हणाले, येतो, पण स्वयंपाक तू करायचा.
कुंदाच्या टोळीला अठरा डब्या. लावायची रीत सांगितली: सकाळी उतरण्याआधी, पाय कोरडे पुसून, बेचक्यांत दाबून. संध्याकाळी धुऊन, पुसून पुन्हा.
घरभर कडुनिंब-मोहाचा वास. उशीलासुद्धा. सुखी आहे मी.

१० जुलै, पौर्णिमा
आजपासून विहारात वर्षावासाचं वाचन. तीन महिने रोज संध्याकाळी. माझ्याकडे आठवड्याचे दोन दिवस. वाचायला बसले तेव्हा समोर रोवणीहून थेट आलेल्या बायका, पाय धुतलेले, चटईवर ओले ठसे. डब्या वापरताहेत. विचारलं तर दोघी म्हणाल्या, बरं आहे. एक म्हणाली, लागतच नाई काही. ‘लागत नाही’ म्हणजे झोंबत नाही. ही तक्रार आहे हे मला अर्ध्या रस्त्यात समजलं.
कुंदा म्हणाली, टोळीतल्या बाया ऑइलकडे वळून राह्यल्या. म्हणतात, म्याडमचं तूप पोळीले चांगलं.
हसले. पण लागलं मनाला.

१३ जुलै
पहिल्या डब्या संपत आल्या. आज आणि उद्या मला गडचिरोलीला बोलायला बोलावलंय, निघताना रैजीबाईवर सोपवलं. तिला येतं, माझ्याहून चांगलं येतं. बस भरलेली, सगळ्यांच्या अंगावर चिखल, खिडकीबाहेर हिरवं आणि वाकलेल्या पाठी. कार्यक्रम उत्तम झाला. लोक उठून उभे राहिले.

१४ जुलै
परत. नवा घाणा थंड होऊन तयार. रंग किंचित गडद वाटला. रैजीबाई म्हणाली, पाला जास्त उकळला. डब्या भरून तिनेच कुंदाकडे पोचवल्याही होत्या. शाबास म्हटलं तिला. ती माझ्याकडे न बघता भांडी घासत बसली.

१६ जुलै
कुंदाच्या पायांवर फोड.
सकाळी तिचा नवरा आला. मी सायकल काढेपर्यंत प्रदीपनी मोटरसायकल बाहेर घेतली होती. खाटेवर बसलेली. उजव्या पायाच्या चार बेचक्या उकललेल्या, घोट्यापर्यंत पाण्याचे फोड, डावा जरा कमी. खाज आणि आग. टोळीतल्या दुसऱ्या कोणी नवी डबी उघडलीच नव्हती. कुंदाने आधी स्वतः लावून बघते म्हटलेलं.
दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, बिब्बा लावला काय? कुंदा नाही म्हणाली. मी नाही म्हणाले. ठामपणे. माझ्या आवाजात.
गोळ्या, लावायला औषध. निदान दहा दिवस पाण्यात पाय नाही. दहा दिवस, ऐन रोवणीत.
घरी येऊन नव्या घाण्यातलं मलम मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं.

१७ जुलै
मनगट लाल. दुपारी तीन फोड.

१७ जुलै, संध्याकाळ
रैजीबाईला विचारलं. तिने लपवलं नाही. दोन बिब्बे. तापवून, त्याचं तेल घाण्यात.
कुंदाच्या बाया तिला बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, मास्तरणीचं औषध लागत नाही, सात दिवस झाले की तिला बोलायला जागा राहणार नाही. म्हणून.
“तू माईक सोडीन म्हणाली व्हती,” रैजीबाई म्हणाली. “इतक्या लोकाईसमोर. मले वाटलं, तुयं बोलणं खोटं नोको पडाले. तू बोलली नाई त मंग तुयं राह्यते काय?”
 तिला रागावणार होते, शब्द तयार होते, चांगले होते.
मी सभेत बिब्ब्याला शिव्या घातल्या त्याच तोंडाने सात दिवसांचं वचन दिलं. दोन्ही गोष्टी तिने ऐकल्या आणि तिच्या दृष्टीने जी माझ्या कामाची ती धरली. घाण्यात बिब्बा तिने घातला. घालायची वेळ मी आणली.
डब्या परत आणायला प्रदीप सायकलवर गेले. सतरा मिळाल्या, कुंदाची मी कालच आणलेली. सगळ्या पुरल्या, मागच्या अंगणात, खोल. हातमोजे घालून.

१८ जुलै
कुंदाकडे. ठरवून गेले होते की चूक माझी आहे एवढंच सांगायचं, रैजीबाईचं नाव नाही. उभी राहिले आणि सुरुवात केली. घसा साफ केला.
कुंदा म्हणाली, “म्याडम, भाषण नोका देऊ. बसा.”
बसले. सांगितलं. दोन वाक्यांत झालं. सात दिवसांचं वचन खोटं होतं, मला ते माहीत नव्हतं असंही नाही. मलमात बिब्बा गेला, मलम माझ्या घरचं.
कुंदाने पायांवरची माशी हाकलली. मग म्हणाली, आज तिच्या बाया पाटलांच्या बांधीत आहेत, ओळ वाकडी जातेय, सासू सांगून गेली. रडली नाही. पण पायांची बोटं हलवून बघत होती, पुन्हापुन्हा, हलतात का ते.

१९ जुलै
रैजीबाई सकाळी आलीच नाही. दुपारी कळलं, ती बसमधून उतरून थेट कुंदाकडे गेली. स्वतःच सांगितलं तिने. मी तिला वाचवायचा विचार करत होते. तिला वाचायचं नव्हतं.
कुंदाच्या सासूने तिला दोन गोष्टी सुनावल्या. कुंदा मात्र हसली म्हणे. म्हणाली, “मावशी, माया पायावर तुयं काय वैर व्हतं व?” रैजीबाई म्हणाली, वैर नाही, मास्तरणीवर माया होती. कुंदा म्हणाली, माया होती तर तिच्या पायाला लावायचं.
हे रैजीबाईने मला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना दोघी हसलो. तिचं हसणं लवकर थांबलं.

२१ जुलै
विहारात माझा वाचनाचा दिवस. वाचून झाल्यावर उठून सांगितलं की सात दिवसांचं मी जे म्हटलं ते मागे घेते. माईकवरच सांगितलं, माईक सोडण्याचं मागे घेऊन. बोलता आलं पाहिजे, ते चुकीचं बोलल्यावरही.
टाळ्या नाहीत. एक बाई मागून म्हणाली, बरं झालं. एवढंच.
कुंदाच्या टोळीला दोन बाया कमी पडताहेत. आज सकाळी, वाचनाच्या आधीच, मी रोवायला येते म्हणून गेले होते. साठी उलटलेल्या माणसाला कोणी पऱ्हे देईना. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर पोचवायचं काम दिलं. दिवसभर. पाय आता मलाही कळले.

२२ जुलै
अंग मोडलंय. पुन्हा गेले. दुपारी वाघ पलीकडच्या नाल्यात दिसल्याची बातमी, तासभर सगळ्या बांधावर. बायका बसल्या, डबे उघडले. एकीने मला विचारलं, म्याडम, तुमच्या त्या तुपानं तुमचे पाय नाई बरे झाले काय? सगळ्या हसल्या. मीही. पायाला मलम लावलं नव्हतं. त्यांच्यासमोर लावायला धीर झाला नाही, ही खरी गोष्ट.

२६ जुलै
नवा घाणा. रैजीबाई समोर बसली, हात मागे बांधून. हे तिचंच ठरलं. मी सगळं केलं, तिने फक्त सांगायचं. मेण नऊस एक, हवा गार आहे. बिब्ब्यासाठी वापरलेलं भांडं तिने आपल्या हाताने भंगारवाल्याला दिलं.
तीन दिवस मनगटावर लावून बघणार, मग पायावर. प्रदीप म्हणाले, टक्कल मोकळं आहे.

३० जुलै
मनगट ठीक. माझे पायही ठीक, पण चार दिवस पेंढ्या वाहून कुणाचे पाय कुजत नसतात. त्यातून काही सिद्ध होत नाही. मला पूर्वी यातून खूप काही सिद्ध करता आलं असतं.
कुंदाचे फोड वाळले. नवं कातडं गुलाबी, पातळ. डॉक्टर म्हणाले, जपून.
उशिराच्या धानाच्या बांध्या राहिल्यात अजून. अकरा-बारा दिवसांचं काम. कुंदा तीन-चार दिवसांत उतरते म्हणते. काळजी वाटते, पण तिला नको म्हणणारी मी कोण?

२ ऑगस्ट
कुंदा स्वतः आली, चालत. पायरीवर बसली. चहा घेतला. मी मलमाचा विषय काढला नाही. जन्मात पहिल्यांदा मी विषय काढला नाही, प्रदीप स्वयंपाकघरातून ऐकत होते.
मग तिनेच विचारलं, नवीन आहे काय डबी?
आहे म्हटलं. देणार नाही म्हटलं. आधी तीन दिवस हाताला लावून बघ.
ती म्हणाली, तीन दिवस कुठून आणू, उद्या उतरायचंय. मग थोडा विचार करून, “असं करतो म्याडम. डाव्या पायाले तुमचं. उजव्याले आपलं जळकं ऑइल. उजव्यानं तुमच्यापायी लय भोगलं, त्याले आता आराम.”
ऑइल विष आहे, कातड्यातून आत… हे सगळं ओठांवर आलं. कोपऱ्यात मेण फोडत बसलेली रैजीबाई माझ्याकडे बघत होती. म्हटलं, बरं. फक्त आज रात्रभर डबीतलं जरा हाताला लाव, लाल झालं तर फेकून दे.
तिने डबी उघडून वास घेतला. रैजीबाईकडे वळून म्हणाली, मावशी, यात काय-काय आहे सांग, एकेक. रैजीबाईने शपथेवर सांगावं तसं सांगितलं. कडुनिंब, करंज, टोरी, हळद, मेण. कुंदाने पाच बोटं मोजली आणि डबी पदरात बांधली.
किती दिवसांत कळेल, असं विचारत होती.
म्हटलं, माहीत नाही.

३ ऑगस्ट
सकाळी कुंदाच्या सासूचा निरोप: हात लाल नाही. उतरली.

५ ऑगस्ट, मंगळवार
पेंढ्या वाहायला गेले. कुंदा ओळीच्या टोकाला, गाणं तिनेच उचललेलं, ओळ सुतात. रैजीबाईही आली होती, बांधावर उकिडवी, तंबाखू मळत. मी तिच्याजवळ पेंढी टेकवली. तिने विचारलं, कोणता पाय बरा दिसते?
बघितलं. दोन्ही पाय पोटरीपर्यंत चिखलात होते. एक उचलला की दुसरा रुतत होता, आणि वर आलेला पाय दिसायच्या आत पुन्हा खाली जात होता.